जुन्या मोटारीची दुरुस्ती : प्रकल्प नोंदी, नाशिक, जानेवारी ते मे २०२५

५ जानेवारी २०२५ : व्यवहार आणि कागदपत्रे

इंदिरानगरमधील एका सेवानिवृत्त गृहस्थांकडून २०१३ साली नोंदणी झालेली, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची, चार सिलिंडरची हॅचबॅक आज दोन लाख पंधरा हजार रुपयांना घेतली. व्यवहारात मध्यस्थ नव्हता. गाडी पहिल्यापासून एकाच मालकाची, एमएच १५ क्रमांकाची असून मीटरवर ७८,००० किलोमीटरच्या आसपासचा आकडा आहे. सर्व्हिस पुस्तिकेतील नोंदी ४५,००० च्या जवळ थांबतात आणि तेथून पुढे घराजवळच्या एका गॅरेजच्या साध्या पावत्या सुरू होतात. त्या पावत्यांवरील किलोमीटर क्रमाने वाढत गेलेले असल्यामुळे मीटर मागे फिरवल्याची शंका उरली नाही. एकाहून अधिक पावत्यांवर ‘रेडिएटर काम’ असे लिहिलेले आहे; काम नेमके कोणते, ते मात्र कोठेही लिहिलेले नाही.

गाडी आणि दोन्ही पक्ष नाशिकच्याच परिवहन कार्यालयाच्या हद्दीतील असल्याने ना-हरकत दाखल्याचा नमुना २८ लागत नाही. मालकी हस्तांतराच्या नमुना २९ आणि ३० वर सह्या झाल्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते. नोंदणी पुस्तकावर मात्र एका बँकेचा बोजा अजून दिसतो. कर्ज केव्हाच फिटलेले आहे, पण बोजा उतरवण्याचा नमुना ३५ कोणी भरलाच नव्हता. म्हणून विक्रेत्यांनी बँकेचे पत्र आणून दिल्यावर हस्तांतराबरोबरच तेही काम पेठ रोडवरील कार्यालयात करायचे ठरले. विमा त्याच कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे गाडीबरोबर आपल्याकडे येतो, तरी १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसीवर नाव लावून घ्यावे लागते. दावा न केल्याबद्दलची सवलत गाडीला नव्हे तर व्यक्तीला मिळालेली असते, त्यामुळे त्या फरकाची रक्कम नव्या मालकाला भरावी लागते. ती मी किमतीत धरली होती.

११ जानेवारी : काहीही न बदलता घेतलेली मोजमापे

गाडी ताब्यात आल्यावर तिला हात न लावता ती रोजच्या वापरात चालवली. जुनी गाडी घेतल्याबरोबर ‘एकदा सगळं करून घ्या’ असा सल्ला सगळेच देतात, पण सगळे एकदम बदलले तर कोणता दोष कशाने गेला हे कधीच कळत नाही, आणि जो गेला नाही तो नव्या भागांच्या आड लपून बसतो. त्यामुळे या कामापुरता एक नियम ठरवला आहे : मोजल्याशिवाय भाग बदलायचा नाही, आणि एका वेळी एकच बदल करायचा.

आजपर्यंतची निरीक्षणे अशी. तापमानाचा काटा खालच्या पाव भागाच्या वर फारसा चढत नाही. किल्ली फिरवली की इंजिन सुरू होण्यापूर्वीच रेडिएटरचा पंखा फिरू लागतो. सकाळच्या थंडीत हीटरमधून जेमतेम कोमट हवा येते. सरासरी लिटरला साडेअकरा किलोमीटर पडते, जी या इंजिनासाठी फारच कमी आहे. गतिरोधकावरून जाताना पुढच्या डाव्या बाजूने खडखड ऐकू येते. इंजिन ऑइलच्या टोपणाच्या आतल्या बाजूस पांढरट, लोण्यासारखा थर आहे.

ओबीडी रीडर (इंजिनाच्या संगणकातील माहिती वाचणारे उपकरण) लावून महामार्गावर आडगावपर्यंत गाडी नेली, तेव्हा सलग वेगात असताना शीतक द्रवाचे (कूलंटचे) तापमान ६१ अंश सेल्सिअस दिसले. इंजिनाने त्या वेळेपर्यंत ८५ ते ९० च्या घरात पोहोचायला हवे होते. दोषसंकेत एकही नव्हता. परंतु रीडरवर ‘संकेत पुसल्यापासून कापलेले अंतर’ असाही एक आकडा मिळतो, आणि तो शंभर किलोमीटरच्याही आत होता. शिवाय इंजिनाच्या संगणकाच्या काही अंतर्गत तपासण्या अजून ‘अपूर्ण’ दिसत होत्या. म्हणजे विक्रीपूर्वी थोडेच दिवस आधी कोणीतरी संगणकातील नोंदी पुसल्या होत्या. बॅटरी काढून लावली तरी असे होऊ शकते, त्यामुळे एवढ्यावरून कोणाच्या हेतूविषयी निष्कर्ष काढता येत नाही. मात्र जुनी गाडी पाहायला जाताना रीडरमध्ये केवळ ‘संकेत नाहीत’ एवढे वाचून समाधान मानू नये, हा दुसरा आकडाही पाहावा.

१२ जानेवारी : पांढऱ्या थराचा अर्थ

सर्वांत आधी या थराचा निकाल लावणे आवश्यक होते, कारण त्यावरच पुढच्या खर्चाचा अंदाज अवलंबून आहे. ऑइलच्या टोपणाखालचा पांढरा थर म्हणजे ऑइलमध्ये मिसळलेले पाणी. पण ते पाणी दोन वाटांनी येऊ शकते. हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे सिलिंडर हेड यांच्यामधला सीलचा पत्रा) फुटले असेल तर शीतक द्रव ऑइलमध्ये उतरतो, आणि तसे असल्यास हेड उतरवून, घासून घेण्यापर्यंतचे काम निघते. दुसरी वाट त्या मानाने निरुपद्रवी आहे : इंजिन नीट तापतच नसेल तर ज्वलनातून तयार होणारी वाफ ऑइलमधून उडून न जाता थंड टोपणाखाली साचते. दोन्ही कारणांचे दृश्य लक्षण एकच असते, आणि त्या एका लक्षणावर बोट ठेवून हेड उतरवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

आमच्या शेजारचे अण्णा सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत. मायको आणि महिंद्र यांच्या कारखान्यांमुळे नाशिकच्या जवळजवळ प्रत्येक वसाहतीत हातात व्हर्नियर धरून आयुष्य काढलेला एक तरी माणूस भेटतो, आणि अशा माणसाला ‘बहुतेक गॅस्केटच असेल’ हे वाक्य सहन होत नाही. त्यांच्या ओळखीने अंबडमधील एका वर्कशॉपमधून ब्लॉक टेस्टर मिळाला. यात रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी बसवून, इंजिन चालू ठेवून, आतली हवा त्या द्रवातून ओढून घेतात. ज्वलनवायू शीतक द्रवात शिरत असतील तर त्यातील कार्बन डायऑक्साइडमुळे निळा रंग पिवळा होतो. आमचा द्रव निळाच राहिला. खात्री म्हणून स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधील दाब) मोजले : १७८, १७५, १८० आणि १७४ पाउंड प्रति चौरस इंच. चारही सिलिंडरमधील फरक किरकोळ आहे. गॅस्केट शाबूत आहे असे धरून पुढे जाता येईल.

१८ जानेवारी : थर्मोस्टॅटची रिकामी जागा

काल संध्याकाळी इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि रीडरने पी ०१२८ हा संकेत दाखवला. शीतक द्रव थर्मोस्टॅटच्या (रेडिएटरची वाट तापमानानुसार उघडणाऱ्या झडपेच्या) नियमन तापमानापर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ. आज इंजिन पूर्ण थंड असताना थर्मोस्टॅटचे घर उघडले. आत थर्मोस्टॅट नव्हताच. तो काढून टाकून केवळ नवे गॅस्केट आणि भरपूर सिलिकॉन लावून झाकण पुन्हा बसवलेले होते.

त्यानंतर पंख्याच्या तारांचा माग काढला. पंख्याचा मूळ रिले (पंख्याचा मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युत स्विच) फ्यूजच्या पेटीत जागच्या जागी आहे, पण त्याच्या खालचे प्लास्टिक वितळलेले आहे. आणि पंख्याला किल्लीच्या वीजपुरवठ्यावरून वेगळी तार ओढून, मध्ये फ्यूज न घालता, जोडलेले आहे. आपल्याकडे याला ‘फॅन डायरेक्ट करणे’ म्हणतात. ती तार बॅटरीच्या पट्टीखालून गेलेली असून एका जागी तिचे आवरण कडक होऊन तडकलेले होते. तेथे शॉर्ट झाले असते तर तार तापून पेटण्यापूर्वी तिला तोडणारे काहीही मध्ये नव्हते. ती तार मी आजच काढून टाकली, आणि पंखा दुरुस्त होईपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही असे ठरवले.

मदतीला आलेल्या मिस्त्रींना यात वावगे काही वाटले नाही. “साहेब, आपल्याकडे थर्मोस्टॅट लागतोच कशाला? तो थंड मुलखातल्या गाड्यांना,” असे ते म्हणाले. ही समजूत अनेक गॅरेजांत पक्की रुजलेली आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. थर्मोस्टॅट बाहेरच्या हवामानासाठी नसून इंजिनाच्या आतल्या तापमानासाठी असतो. त्याच्यातील मेणाची कुपी ठरावीक तापमानाला फुगून झडप उघडते. तोपर्यंत पाणी इंजिनातच फिरत राहते आणि इंजिन लवकर तापते. झडपच नसेल तर सगळे पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये जाते. मग संगणक इंजिन अजून थंड आहे असे समजून अधिक पेट्रोल सोडत राहतो, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि वाफ टोपणाखाली साचते. कमी सरासरी, कोमट हीटर, पांढरा थर आणि पी ०१२८ ही चारही लक्षणे या एका रिकाम्या जागेतून निघतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बगलेची वाट बंद करण्याचे कामही करतो. तो काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतो आणि चढावर उलट जास्त गरम होते.

प्रश्न असा उरतो की एखादा कारागीर एवढे उपद्व्याप उगीच करत नाही. पंखा सतत चालू ठेवण्याची आणि थर्मोस्टॅट काढण्याची वेळ यावी एवढी ही गाडी कधीतरी गरम होत होती, आणि ते कारण अद्याप गाडीतच आहे.

१९ जानेवारी : विक्रेत्यांशी बोलणे

बँकेचे पत्र घेण्यासाठी गेलो असताना काकांना थर्मोस्टॅटविषयी विचारले. त्यांना तो शब्दच नवा होता. “गाडी एकदा कसाऱ्याला गरम झाली होती, मुलाला घेऊन येत होतो तेव्हा. आपल्या मिस्त्रीनं काहीतरी केलं, त्यानंतर कधी त्रास नाही झाला बघा,” असे ते म्हणाले. त्यानंतर गाडी शहराबाहेर फारशी गेलीच नाही, हेही बोलण्यात आले. म्हणजे ‘त्रास नाही’ हे त्यांचे म्हणणे त्यांच्यापुरते खरे होते : कॉलेज रोड ते इंदिरानगर एवढ्या फेऱ्यांत, डायरेक्ट पंख्यावर, ही गाडी गरम होणे शक्यच नव्हते. विक्रीपूर्वी त्यांनी ती त्याच गॅरेजमध्ये ‘तपासून’ घेतली होती, त्यामुळे पुसलेल्या संकेतांचाही उलगडा झाला.

२६ जानेवारी : कायद्याची बाजू

घरात ‘पैसे परत मागा’ असा एक सूर निघाला, म्हणून हे येथे नोंदवतो. वस्तू विक्री कायदा, १९३० च्या कलम १६ मध्ये मालाच्या गुणवत्तेविषयी जी गृहीत हमी आहे, ती मुख्यतः त्या प्रकारच्या मालाचा व्यवसाय करणाऱ्या विक्रेत्याकडून घेतलेल्या वस्तूला लागू होते. स्वतःची एक गाडी विकणारा गृहस्थ त्यात बसत नाही. ग्राहक आयोगाची वाटही व्यापारी आणि सेवा देणारे यांच्याविरुद्धची आहे. उरतो करार कायदा, १८७२. त्याच्या कलम १७ प्रमाणे फसवणुकीला हेतू लागतो, आणि बोलणे हे कर्तव्यच असावे अशी परिस्थिती नसेल तर नुसते गप्प राहणे म्हणजे फसवणूक होत नाही. येथे तर विक्रेत्यांना दोष ठाऊकच नव्हता. खासगी व्यवहारात गाडी दुकानापेक्षा स्वस्त मिळते ती याच कारणाने : जोखीम आपण विकत घेतलेली असते. तो विषय येथे संपला.

२ फेब्रुवारी : पंखा

पंख्याची मोटर बॅटरीवर थेट चालवून क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजला. तो १९ अँपिअर निघाला. त्याच क्षमतेच्या नव्या पंख्याने, नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या दुकानात काउंटरवरच मोजल्यावर, ११ अँपिअर घेतले. जुन्या मोटरचे ब्रश आणि बुश झिजून ती जड झाली होती. जास्त प्रवाहाने रिलेचा सांधा वितळला, रिले काम देईनासा झाला, आणि दोषाच्या मुळाशी न जाता रिलेलाच वळसा घालण्यात आला. पेटीत २० अँपिअरच्या जागी ३० चा फ्यूज घातलेला होता, हेही त्याच मालिकेतले. नवा पंखा, नवा रिले, रिलेचा नवा सॉकेट आणि योग्य फ्यूज बसवला. आता पंखा संगणकाच्या आदेशानेच सुरू होतो. दुकानदाराने काउंटरवर मोजू दिले याचे विशेष वाटले. बहुतेक ठिकाणी ‘कंपनीचा माल आहे, मोजायचं काय त्यात’ असे ऐकावे लागते.

९ फेब्रुवारी : थर्मोस्टॅट

नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी तो पातेल्यात दोरीने टांगून, तळाला टेकू न देता, पाणी तापवून तपासला. स्वयंपाकघरातील थर्मामीटरप्रमाणे ८२ अंशांना झडप हलू लागली आणि ९५ च्या सुमारास ती पूर्ण उघडली. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथे उघड्या पातेल्यातील पाणी ९८ अंशांना उकळते, म्हणजे पूर्ण उघडणे पाहायला थोडीच फट उरते. गॅस बारीक ठेवावा लागतो. झडपेतील छोटे हवेचे छिद्र वरच्या बाजूस ठेवून थर्मोस्टॅट बसवला. जुने सिलिकॉन खरवडण्यातच निम्मी सकाळ गेली.

संध्याकाळी गंगापूर रोडच्या गर्दीत तापमान ८८ ते ९४ च्या दरम्यान राहिले. पंखा ९६ ला सुरू होऊन ९० ला थांबला.

२३ फेब्रुवारी

सरासरी १५.८ वर आली. ऑइलच्या दांड्याला पेट्रोलचा वास येत होता, म्हणून ऑइल आणि फिल्टर बदलले. टोपणाखालचा थर पुसून टाकला होता, तो परत आलेला नाही. पी ०१२८ पुन्हा लागलेला नाही.

९ मार्च : कसारा घाटातील चाचणी

मूळ दोष पाहायचा तर जेथे तो पहिल्यांदा दिसला तेथेच जायला हवे होते. मुंबई-आग्रा महामार्गाने कसाऱ्यापर्यंत उतरून, एसी चालू ठेवून, मालट्रकांच्या मागून घाट चढलो. घाटाची चढण ही शीतक यंत्रणेची खरी परीक्षा असते, कारण तेथे इंजिनावर भार पूर्ण आणि गाडीचा वेग मात्र कमी असतो. सपाट महामार्गावर वाऱ्याने जे काम फुकट होते ते येथे एकट्या पंख्यावर पडते. पायथ्याशी ९२ असलेले तापमान पंखा सतत चालू असूनही चढत गेले आणि १०७ वर पोहोचले. तेव्हा एसी बंद करून हीटर पूर्ण क्षमतेने चालू केला. हीटरची जाळी हा एक छोटा रेडिएटरच असतो, त्यामुळे मार्चच्या उन्हात घाम गाळत का होईना, तापमान १०१ पर्यंत उतरले. माथ्यावर रुंद कडेला गाडी थांबवून बॉनेट उघडले. रेडिएटरच्या टोपणाला अर्थातच हात लावला नाही. शीतक द्रवाच्या टाकीच्या नळीतून वाफ आणि पाणी बाहेर येत होते.

१०७ अंशांना यंत्रणेतील पाणी उकळायला नको होते. टोपणावर १.१ बार (बार हे दाबाचे एकक) असा आकडा आहे. एवढा दाब टिकला तर साधे पाणीसुद्धा आपल्याकडे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यामुळे दोन गोष्टी संशयित ठरल्या : दाब टिकत नाही, आणि रेडिएटर उष्णता टाकत नाही.

१५ मार्च : रेडिएटरमध्ये काय निघाले

टोपण दाबमापकावर लावले तर ते ०.५ बारलाच उघडले. एवढ्या दाबाला पाणी ११० च्या आसपास उकळते, आणि सिलिंडर हेडच्या आतल्या उष्ण जागी तापमान संवेदकाच्या आकड्यापेक्षा जास्त असते, म्हणून परवाची वाफ. इंजिन गरम करून रेडिएटरच्या जाळीवर अवरक्त थर्मामीटर फिरवला, तेव्हा वरच्या बाजूला ८० आणि खालच्या उजव्या तिसऱ्या भागात जेमतेम ४८ अंश दिसले. त्या भागातील नळ्यांतून पाणी वाहतच नव्हते.

थंड झाल्यावर खालचा पाइप सोडला. आधी तांबूस गंजके पाणी आले, आणि मागाहून पिवळसर, दाट गाळ. मिस्त्रींनी तो बोटावर घेऊन पाहिला आणि हसत म्हणाले, “हळद आहे साहेब.” रेडिएटर गळत असेल तर त्यात हळद टाकण्याचा उपाय ट्रकवाल्यांत जुना आहे, हळदीची पूड बारीक भेगेत जाऊन बसते आणि गळती काही काळ थांबते. रस्त्यात अडकलेल्या माणसाने गावापर्यंत पोहोचण्यासाठी तो केला तर त्यात दोष नाही. परंतु ती पूड केवळ भेगेतच बसते असे नाही, अरुंद नळ्यांतही बसते, आणि नंतर कोणी ती धुऊन काढत नाही. त्यातच यंत्रणेत शीतक द्रवाऐवजी बोअरचे जड पाणी भरलेले असावे, कारण नळ्यांच्या तोंडाशी क्षारांचा पांढरा कठीण थर जमलेला होता. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरची टाकी डाख (झाळ) काढून उघडता येत असे आणि नळ्या सळईने साफ करता येत. आताच्या अॅल्युमिनियमच्या जाळीला प्लास्टिकची टाकी दाबून बसवलेली असते, तिच्यावर तो प्रयोग चालत नाही. रेडिएटर बदलणे प्राप्त आहे.

तरीही हळद कोणत्या गळतीसाठी टाकली, हे रेडिएटरने सांगितले नाही. बाहेरून तो कोठेही गळलेला दिसत नव्हता.

१६ मार्च : गळतीचा उगम

नवा रेडिएटर आणि नवे टोपण बसवून, यंत्रणा साध्या पाण्याने वारंवार धुऊन, मग हातपंपाने १ बार दाब दिला. काटा हळूहळू उतरत राहिला. जमिनीवर थेंब नव्हता. आरसा आणि टॉर्च घेऊन शोधल्यावर पाण्याच्या पंपाच्या खालच्या बाजूला, फिरत्या दांड्याच्या (शाफ्टच्या) सीलमागे जे छोटे निचऱ्याचे छिद्र असते, तेथे ओल आणि जुन्या क्षारांची रेघ सापडली. हे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते : आतला सील झिजला की पाणी बेअरिंगमध्ये न जाता येथून बाहेर पडावे आणि पंप बदलण्याची वेळ आल्याचे कळावे. इंजिन गरम असताना हे थेंब जागीच सुकत असल्याने खाली डाग पडत नव्हता.

आता सगळा क्रम उलटा लावता येतो. साध्या पाण्याने पंपाचा सील झिजला. पाणी कमी होऊ लागले म्हणून हळद पडली. हळदीने आणि क्षारांनी रेडिएटर तुंबला. गाडी गरम होऊ लागल्याने पंखा जास्त वेळ चालून त्याची मोटर थकली आणि रिले वितळला. मग पंखा डायरेक्ट झाला. तेवढ्याने कसारा घाट चढेना म्हणून थर्मोस्टॅट निघाला. आणि शेवटी सरासरी घसरली व दिवा लागला तेव्हा संकेत पुसले गेले. प्रत्येक उपायाने आधीचे लक्षण खरोखरच थांबवले होते. मला मात्र ते शेवटाकडून सुरुवातीकडे सोडवावे लागले, कारण वरचा उपाय काढल्याशिवाय खालचा दोष दिसतच नव्हता. पहिल्याच दिवशी पंप बदलला असता तर इतर चारही दोष तसेच राहिले असते.

२९ मार्च : पाण्याचा पंप

उद्या पाडवा असल्याने दुकाने बंद राहतील, म्हणून साहित्य आधीच आणून ठेवले होते. पंप फिरवणारा बेल्ट (गॅरेजच्या भाषेत फॅन बेल्ट) सैल करून पंप उतरवला. पात्याच्या कडा गंजून कुरतडलेल्या होत्या. नवा पंप, नवा बेल्ट. यंत्रणेत शुद्ध केलेले पाणी आणि इथिलिन ग्लायकोलचा शीतक द्रव निम्मे-निम्मे भरले. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्न नाही, पण त्यातील गंजरोधक घटक आणि वाढलेला उत्कलनबिंदू यांसाठी तो हवाच. गाडीचे तोंड चढाकडे करून, हीटर चालू ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. १ बार दाब रात्रभर टिकला.

१२ एप्रिल : पुढच्या बाजूची खडखड

एका गॅरेजने न उघडताच दोन्ही शॉकअप, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारी भुजा) आणि स्टिअरिंगचे काम मिळून सतरा हजारांचा अंदाज दिला होता. डाव्या बाजूची स्टॅबिलायझरची लिंक (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याला चाकाच्या बाजूशी जोडणारा छोटा दुवा) सोडून कॉलनीतून हळू फेरी मारली. आवाज जवळजवळ गेला. एकच चाक उचलून लिंक हलवून पाहिली तर ती ताणाखाली असते आणि घट्ट वाटते, त्यामुळे दोन्ही चाके उचलून तपासणे आवश्यक असते. उरलेला बारीक ठोका लोअर आर्मच्या मागच्या बुशचा होता. पहारीने दाबल्यावर रबर चिरलेले दिसले. दोन्ही बाजूंच्या लिंक आणि डावा बुश बदलून अलाइनमेंट करून घेतले. शॉकअप कोरडे आहेत, ते तसेच ठेवले. खर्च सतराऐवजी तीन हजारांच्या आत आला.

२० एप्रिल : सप्तशृंगगडाची चढण

चैत्रोत्सवाच्या काळात गडावर खासगी वाहने सोडत नाहीत, म्हणून यात्रा संपल्यावर गेलो. वणीमार्गे नांदुरीला पोहोचेपर्यंत दुपार झाली होती, आणि ते सोयीचेच होते. चार माणसे, सामान आणि एसी असताना नांदुरी ते गड हा सुमारे दहा किलोमीटरचा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. सर्वांत जास्त तापमान ९९ अंश दिसले. पंखा मध्ये मध्ये थांबत होता. माझ्या दृष्टीने हाच महत्त्वाचा पुरावा आहे, कारण जो पंखा थांबतो त्याच्या हाती काही क्षमता शिल्लक असते. आईचे लक्ष दर्शनाच्या रांगेकडे आणि माझे टाकीच्या पातळीकडे होते. पातळी परतल्यावरही रेषेवरच राहिली.

४ मे

नोंदणी पुस्तक नव्या नावाने आणि बोजा उतरवून आले. आतापर्यंत पंखा, रिले, थर्मोस्टॅट, रेडिएटर, टोपण, पंप, बेल्ट, शीतक द्रव, ऑइल, लिंक आणि बुश मिळून मजुरीसह साधारण एकोणीस हजार रुपये लागले.

पावसाळ्यापूर्वीची कामे उरली आहेत. मागच्या टायरांवर नक्षी भरपूर आहे, पण बाजूवर २३१६ हा आकडा आहे, म्हणजे ते २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेले असून त्यांच्या कडेला बारीक भेगा पडल्या आहेत. ते मे अखेरीस बदलायचे. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असल्याने उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी लावायची आहे. ब्रेक ऑइल केव्हा बदलले याची पावती सापडत नाही, तेही टायरांबरोबरच करून घ्यायचे. शीतक द्रवाची पातळी दर रविवारी थंड इंजिनावर पाहून या वहीत लिहिणे चालू आहे.